कडक डोहाळे

संस्कृतातील ‘दोहद’ या शब्दाने मराठीत ‘डोहाळे’ असे रूप घेतले आणि ते इतके अंगवळणी पडले की त्याच्या मुळाशी असलेल्या कल्पनेकडे आता सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गर्भवती स्त्री ही द्विहृदया, म्हणजे दोन हृदयांची असते, अशी ती कल्पना आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानांत ती आली आहे. गर्भाचे हृदय व्यक्त झाले की त्याची इच्छा मातेच्या मुखाने बोलू लागते. म्हणून तिची इच्छा डावलू नये, डावलली तर अपत्यात व्यंग उत्पन्न होते, असे सुश्रुताने बजावले आहे. गर्भिणीच्या मागण्यांना एरवी घरात जे स्थान मिळाले नसते, ते या एका समजुतीने मिळवून दिले. स्त्रीच्या इच्छेला शास्त्राचा आधार मिळावा असे प्रसंग आपल्या परंपरेत फार नाहीत. डोहाळे हा त्यांतला एक.

काव्याने या कल्पनेचा मनसोक्त उपयोग करून घेतला. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गातील सुदक्षिणेला माती खाविशी वाटते, आणि तिचा पुत्र पुढे पृथ्वीचा उपभोग घेणार म्हणून ही इच्छा झाली असावी असा अर्थ कालिदास लावतो. त्याच काव्याच्या चौदाव्या सर्गात सीतेला गंगातीरावरची तपोवने पुन्हा पाहण्याचे डोहाळे लागतात. राम तेच निमित्त करून तिला वनात धाडतो. मालविकाग्निमित्रात तर अशोकाच्या झाडालाही दोहद आहे. तरुणीच्या पायाचा स्पर्श झाल्यावाचून तो फुलत नाही. मराठी लोकजीवनाने हा धागा आपल्या परीने पुढे नेला. डोहाळजेवण, ओटी, फुलांची वाडी, झोपाळ्यावरचे किंवा नावेतले कौतुक, महिन्यामहिन्यांची गाणी, पेढा की बर्फी हा खेळ, असा मोठा संसार या शब्दाभोवती उभा राहिला. ‘भिकेचे डोहाळे’ हा वाक्प्रचार सोडला तर या शब्दाला कडवट वास असा नाहीच.

परंतु गर्भवतीच्या पहिल्या महिन्यांत इच्छेपेक्षा अनिच्छाच अधिक बलवत्तर असते, ही गोष्ट काव्याने बाजूला ठेवली. सुदक्षिणेचा चेहरा लोध्राच्या फुलासारखा फिका पडला आणि अंग गळून गेल्यामुळे तिने दागिने कमी केले, एवढे कालिदासाच्या सूक्ष्म नजरेने टिपले. तिला ओकाऱ्या होत होत्या की नाही, हे त्याने सांगितले नाही. वैद्यकग्रंथांना मात्र हे टाळता आले नाही. सुश्रुताने उत्तरतंत्रात वांतीची कारणे मोजताना गर्भधारणेचा उल्लेख केलेला आहे. बायकांच्या बोलीलाही ते टाळता आले नाही. “तिला डोहाळे फार कडक आहेत हो,” असे एखाद्या सुनेविषयी किंवा लेकीविषयी जेव्हा हलक्या आवाजात म्हटले जाते, तेव्हा तिला चिंचा-बोरे हवीशी वाटत आहेत असा त्याचा अर्थ नसतो. तिच्या पोटात पाणी ठरत नाही, असा त्याचा अर्थ असतो. हवेसे वाटणे आणि नकोसे होणे या दोन्ही टोकांना मराठीने एकाच शब्दात बसवले, आणि त्यांतला फरक एका विशेषणावर सोपवला. ही सोय मोठी सुंदर आहे, आणि तितकीच धोक्याचीही. कारण डोहाळे म्हटले की ते मंगल, आणि मंगल म्हटले की ते सोसायचे, असा एक क्रम आपोआप तयार होतो. कौतुकाच्या शब्दात आजार दडून बसला की त्याला आजार म्हणून ओळखायला उशीर लागतो.

किती उशीर लागतो, हे वडोदऱ्यातील एका मराठी कुटुंबात काही वर्षांपूर्वी जे घडले त्यावरून दिसेल. दांडिया बाजाराच्या बाजूला तीन पिढ्या राहिलेले हे कुटुंब. सून साताऱ्याकडची, शाळेत मराठी-हिंदी शिकवणारी. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिला दिवस राहिले, आणि सहाव्या आठवड्यापासून उलट्या सुरू झाल्या. आरंभी त्यांचे स्वागतच झाले. सकाळच्या मळमळीकडे घरातल्या बायका शुभचिन्ह म्हणून पाहतात. उमासे येतात म्हणजे गर्भ चांगला धरला, असे बोलले जाते. पण या उलट्यांना सकाळ-संध्याकाळ असा भेद नव्हता. फोडणीचा वास, कुकरची वाफ, उदबत्ती, नवऱ्याच्या अंगाचा साबण, शेजारच्या घरातून येणारा कढीचा दरवळ, यांतले काहीही पुरेसे होते. नवव्या आठवड्यात तर भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज ऐकला तरी कोरडे उमासे सुरू होत. चोपन्न किलोचे वजन सेहेचाळीसवर आले. शाळा सुटली. ती स्वयंपाकघरापासून सर्वांत दूरच्या खोलीत, खिडकीची फळी लावून, भिंतीकडे तोंड करून पडून राही.

प्रथम ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी तपासून, असे होतेच, तीन महिने कळ काढा, असे सांगितले आणि गोळ्या दिल्या. गोळी उलटीबरोबर बाहेर पडे. शिवाय या दिवसांत गोळ्या घेऊ नयेत, असे साताऱ्याहून आईने फोनवर निक्षून सांगितले होते. गोळ्यांची पट्टी उशीखाली राहिली आणि घराचा दरवाजा इतर उपायांसाठी उघडला गेला.

हे उपाय एकेकटे येत नाहीत. प्रत्येकाबरोबर एक माणूस येते. सासूबाईंनी सुंठ उगाळून मधात दिली, मोरावळा दिला, लाह्यांचे पाणी गाळून चमच्याने पाजले. चुलत आत्येसासूबाई मोरपीस जाळून त्याची राख मधातून चाटवायला घेऊन आल्या; वांती आणि उचकी यांवरचा हा फार जुना उपाय आहे. शेजारच्या गुजराती बेनने लिंबाची फोड मिठात बुडवून चोखायला दिली आणि भाजलेल्या मातीचे चार खडेही पदराआडून हातात ठेवले. खुद्द सुदक्षिणेपर्यंत पोचणारी ही परंपरा दांडिया बाजारात अजून जिवंत होती. दिराच्या ओळखीच्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी इपिकॅकच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. ज्या मुळीच्या मोठ्या मात्रेने उलटी होते तिचीच अतिसूक्ष्म मात्रा उलटी थांबवते, हे त्यांच्या शास्त्राचे मूळ सूत्र त्यांनी सविस्तर समजावून सांगितले. शाळेतली एक सहशिक्षिका ॲक्युप्रेशर शिकलेली होती. तिने मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटे अंतर मोजले, दोन शिरांमधला बिंदू दाखवला, आणि रबरी पट्टीत सदऱ्याचे बटण शिवून ती मनगटावर चढवली. कोणी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. कोणी देवीचा अंगारा आणला. तिने कशालाच नाही म्हटले नाही. नाही म्हणायलाही बळ लागते, आणि ज्याला खरोखर दु:ख आहे त्याला उपायांमध्ये निवड करण्याची चैन परवडत नाही.

या उपायांकडे सुशिक्षित माणसाने कसे पाहावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सरसकट हसणे हा एक मार्ग आहे आणि सरसकट मान डोलावणे हा दुसरा. दोन्हींत विचाराचे श्रम वाचतात. सुंठेचेच घ्यावे. डेन्मार्कमधील डॉक्टरांनी आल्याची पूड तीव्र उलट्या होणाऱ्या तीस गर्भवतींना, दिवसाला एक ग्रॅम याप्रमाणे चार दिवस देऊन पाहिली, तेवढेच दिवस निरुपद्रवी पूड देऊन तुलना केली, आणि बहुतेक स्त्रियांनी आल्याच्या पुडीच्या दिवसांना पसंती दिली. हा प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या प्रयोगांतूनही आल्याने मळमळ काही अंशी कमी होते असे दिसले आहे. म्हणजे सासूबाईंचा हात अगदीच अंधारात चाचपडत नव्हता. मात्र मळमळ कमी होणे वेगळे आणि दिवसातून वीस वेळा होणारी उलटी थांबणे वेगळे. धने वाटून तांदळाच्या धुवणात साखर घालून गर्भिणीला देण्याची आयुर्वेदातील रीत, लाह्यांची पेज, कोकमाचे पाणी, या सर्वांत पाणी, मीठ आणि थोडी साखर पोटात जावी ही व्यवहारी शहाणीव आहे. पण ते पोटात राहिले तरच. मातीच्या खड्यांची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण अशा खाण्याच्या मातीत शिसे आणि अर्सेनिक असू शकते, हे तपासण्यांतून दिसून आले आहे. आणि शिसे वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते.

मनगटावरच्या त्या बिंदूची कथा सर्वांत बोधप्रद आहे. चिनी वैद्यकात त्याला नेइगुआन म्हणतात. बेलफास्टमधील डंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची परीक्षा घेतली आणि १९८८ साली ती प्रसिद्ध केली. साडेतीनशे गर्भवतींचे त्यांनी तीन गट केले. पहिल्याने खरा बिंदू दाबायचा, दुसऱ्याने कोपराजवळचा एक खोटा बिंदू दाबायचा, तिसऱ्याने काहीच करायचे नाही. खरा बिंदू दाबणाऱ्यांना सर्वांत कमी त्रास झाला. पण खोटा बिंदू दाबणाऱ्यांचा त्रासही काहीच न करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. यावर घाईने ‘मनाचे खेळ’ असा शेरा मारता येईल. मराठीत मात्र याहून समजूतदार शब्द आहे. एखाद्या वैद्याविषयी आपण म्हणतो, त्याच्या हाताला गुण आहे. गुण औषधाचा, तसा हाताचाही. कोणीतरी आपल्या दुखण्याकडे लक्ष दिले आहे, काहीतरी करण्याजोगे आहे, आपण केवळ सोसण्यासाठी पडलेलो नाही, एवढ्या जाणिवेनेही शरीराला थोडा उतार पडतो. ज्या घरात “कळ काढ” यापलीकडे डॉक्टरकडून काही मिळाले नव्हते, त्या घरात बटण शिवलेली पट्टी घेऊन येणारी मैत्रीण रोज अर्धा तास उशाशी बसत होती. उपाय कोणताही असो, तो अर्धा तास खराच होता.

पर्यायी उपचारांकडे माणसे अडाणीपणाने वळतात, असे म्हणण्याची सवय आधुनिकांना आहे. या आजाराच्या बाबतीत तरी इतिहास वेगळे सांगतो. शार्लट ब्राँटे या कादंबरीकर्तीचे लग्न २९ जून १८५४ रोजी झाले. पुढच्या जानेवारीत तिला मळमळ आणि अन्नाचा तिटकारा सुरू झाला. ब्रॅडफर्डहून बोलावलेल्या डॉक्टरांनी हे नैसर्गिक आहे, काही काळाने थांबेल, असे निदान केले. ३१ मार्च १८५५ रोजी, वयाला एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्याच्या तीन आठवडे आधी, ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर क्षयाची नोंद आहे. पण तिच्या शेवटच्या महिन्यांची हकीकत वाचणाऱ्या अनेक डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी तो गर्भावस्थेतील अतिवांतीचाच बळी असावा असे मत दिले आहे. एलिझाबेथ गॅस्केलने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात एक छोटा प्रसंग आहे. घरची दासी येणाऱ्या बाळाची आठवण देऊन तिला धीर देऊ पाहते. त्यावर, आनंद कधीतरी होईल असे वाटते खरे, पण आता फार थकवा आहे, अशा आशयाचे उत्तर ती देते. जगातल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही आळीत, कडक डोहाळे लागलेल्या बाईला हेच सांत्वन मिळत आले आहे, आणि तिचे उत्तरही बहुधा हेच असते. फरक एवढाच की पुष्कळ जणी ते मोठ्याने बोलत नाहीत.

विसाव्या शतकात वैद्यक पुढे गेले, तरी या स्त्रियांच्या वाट्याला त्यातून दोन वेगळ्या आपत्ती आल्या. पहिली आरोपाची. मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली काही डॉक्टरांनी असे मांडले की, अति उलट्या करणारी स्त्री मनाच्या तळाशी मातृत्व नाकारत असते. त्यानुसार तिला आप्तांपासून दूर, एकटीला ठेवण्याचे उपचारही झाले. दुसरी आपत्ती विश्वासघाताची. पश्चिम जर्मनीत १९५७ साली थॅलिडोमाइड हे औषध बाजारात आले. झोपेसाठी आणि गर्भवतींच्या मळमळीसाठी ते अत्यंत निर्धोक म्हणून दिले गेले. १९६१ साली जर्मनीत लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात मॅकब्राइड या डॉक्टरांनी त्याचा अपत्यांतील व्यंगांशी असलेला संबंध दाखवून दिला, तोपर्यंत हातपाय न वाढलेली हजारो मुले जन्माला आली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी स्त्रीने पुराव्यावाचून परवानगी देण्याचे नाकारले, म्हणून तो देश बहुतांशी वाचला. या धक्क्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्व यांचे संयुक्त औषध अनेक वर्षे वापरात होते. दाव्यांच्या ओझ्यामुळे त्याच्या उत्पादकांनी १९८३ साली अमेरिकेच्या बाजारातून ते काढून घेतले, वस्तुत: त्याने गर्भाला इजा होते असा पुरावा नव्हता, आणि २०१३ साली तेथे त्याच संयोगाला पुन्हा मान्यता मिळाली. मधल्या तीस वर्षांत त्या देशातल्या स्त्रियांनी काय केले असेल, त्याची कल्पना दांडिया बाजारातल्या खोलीवरून करता येते. साताऱ्याच्या आईने थॅलिडोमाइडचे नावही ऐकले नसेल. पण गर्भारपणी गोळी नको, ही जी भीती पिढीपिढीतून तिच्यापर्यंत पोचली होती, तिला निव्वळ अंधश्रद्धा म्हणता येत नाही. भीतीला कारण होते. ती चुकीच्या गोळीला चिकटली होती, एवढेच.

आरोपाचा वाटाही तिला मिळालाच. मनोविश्लेषण न वाचलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी जेवणाच्या पंक्तीत सहज म्हटले, “मनातून नको असेल तिला. नोकरी सुटायची ना.” हे वाक्य भिंतीपलीकडे ऐकू गेले. चार वर्षे वाट पाहून राहिलेल्या गर्भाविषयी हे बोलले जात होते. अकराव्या आठवड्यात साताऱ्याहून आई येऊन उशाशी बसली, तेव्हा लेक तिला म्हणाली, “आई, मला नको हे. मला यातून सोडव.” आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. त्या रात्री दोघींनाही झोप लागली नाही. आईला आपल्या लेकीच्या बोलण्याची भीती वाटली, आणि लेकीला तो नातेवाईक खरे तर बोलला नसेल ना, याची. हवे असलेले मूल उलट्यांपायी नकोसे होणे, हे या आजाराचे सर्वांत निर्दय लक्षण आहे. अनेक देशांत स्त्रियांनी याच कारणाने हवे असलेले गर्भ काढून टाकले आहेत. ज्या समाजात इच्छा पुरवणे हे गर्भिणीविषयीचे पहिले कर्तव्य मानले जाते, तिथे तिच्या या एका वाक्याला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी घरचे वैद्य आले. सत्तरी उलटलेले, या कुटुंबाच्या दोन पिढ्या पाहिलेले. गेले दहा दिवस त्यांचीच धन्याची आणि लाह्यांची योजना चालू होती. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. मग लघवी केव्हा झाली होती, असे विचारले. काल दुपारी, थोडीशी, गडद, असे उत्तर आले. त्यांनी पुडी बांधली नाही.

“वैद्यबुवा, दुसरे काही देऊन पाहता का?” सासूबाईंनी विचारले.

“वहिनी, औषध पोटात राहिले तर गुण देईल. ते राहतच नाही, तर मी कोणाच्या भरवशावर थांबू? हिला आत्ता, या घटकेला, इस्पितळात न्या. शिरेतून पाणी द्यायला हवे.” मग तिच्याकडे वळून ते म्हणाले, “बाळ, तुझ्या मनाचा यात काही दोष नाही. रोग आहे हा. आमच्या पोथीतही रोग म्हणूनच लिहिला आहे.”

आपल्या विद्येची सीमा कुठे संपते हे ज्याला कळते, त्याच्यापाशी ती विद्या खरी असते. पर्यायी वैद्यकाविषयीच्या वादात दोन्ही पक्षांचे लोक सिद्धांतांवर भांडतात. रोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न त्या उंबरठ्यावरचा असतो. समोरचा माणूस, मग तो पाटीवर कोणत्याही पॅथीचे नाव लिहो, ‘आता माझे काम संपले’ हे वेळेवर म्हणतो की नाही? सुंठ देणाऱ्या हातापेक्षा सुंठेवर अडून बसणारा हात घातक असतो. आणि ‘नैसर्गिक आहे’ म्हणून रोग्याला दारातून परत पाठवणारा पदवीधरही त्याच जातीचा असतो.

इस्पितळात लघवी तपासली तेव्हा कीटोन भरपूर आढळले. शरीर आपलीच चरबी जाळून जगत होते. तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने साखरेचे सलाइन लावण्याआधी थायामिन हे जीवनसत्त्व टोचले. फार दिवस अन्न न राहिलेल्या माणसात त्याचा तुटवडा होतो, आणि अशा वेळी आधी साखर दिली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. उलटी रोखणारे औषध शिरेतून गेले, त्यामुळे ते बाहेर पडण्याचा प्रश्न उरला नाही. चार दिवसांनी ती घरी आली. उलट्या पूर्ण थांबल्या नव्हत्या. पुढच्या महिन्यात आणखी एकदा सलाइनसाठी जावे लागले. उशीखालची गोळ्यांची पट्टी मात्र आता नियमाने घेतली जाऊ लागली. तिच्याबरोबर सुंठही चालू राहिली आणि मनगटावरची पट्टीही. डॉक्टर मुलीने ती पाहिली आणि काढायला सांगितले नाही. भाजलेली माती तेवढी तिने हात पुढे करून मागून घेतली आणि कचऱ्यात टाकली.

त्या वेळी या आजाराचे मूळ नेमके कशात आहे, हे कोणालाच सांगता आले नसते. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यावर बराच प्रकाश टाकला. मार्लेना फेझो या संशोधिकेला स्वतःच्या गरोदरपणात या आजाराने जर्जर केले होते आणि त्यात तिचे मूलही गेले होते. तिने आणि केंब्रिजच्या स्टीफन ओ’राहिली यांच्या गटाने दाखवले की, जीडीएफ-१५ नावाचे एक संप्रेरक याच्या मुळाशी आहे. गर्भ आणि वार यांच्याकडून ते मातेच्या रक्तात मोठ्या प्रमाणात येते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या वांतीच्या केंद्राला चेतवते. ज्या स्त्रियांच्या शरीरात गर्भधारणेपूर्वी हे संप्रेरक फार कमी असते त्यांना त्याची सवय नसते, म्हणून अचानक आलेली ही भरती त्यांना सहन होत नाही. ज्यांच्यात ते आधीपासूनच अधिक असते, उदाहरणार्थ बीटा-थॅलॅसेमियाच्या काही रुग्ण स्त्रिया, त्यांना हा त्रास बहुधा कमी होतो. दोन हृदयांची कल्पना करणाऱ्या प्राचीनांना हे ऐकून नवल वाटले नसते. गर्भाकडून मातेच्या देहात काहीतरी येते आणि तिच्या इच्छा-अनिच्छांचा ताबा घेते, हे त्यांनी आपल्या भाषेत ओळखले होते. मात्र शब्द जुळले म्हणून शास्त्र जुळले, असे समजण्याचे कारण नाही. प्राचीनांनी निरीक्षण केले आणि त्याला इच्छेचे रूपक दिले. नव्यांनी रेणू मोजला आणि तो आवरण्याचा मार्ग शोधायला घेतला. एवढे मात्र दोघांनाही मान्य असेल की, या सगळ्यात त्या स्त्रीच्या मनाचा नकार कुठेही नाही.

विसाव्या आठवड्याच्या सुमारास उलट्या ओसरल्या. सासूबाईंनी त्या दिवशी प्रथेप्रमाणे विचारले, “काय खावेसे वाटते ग?” तिने थोडा विचार करून सांगितले, “पाणी. माठातले.” एक फुलपात्र पाणी तिने घोटाघोटाने प्यायले आणि ते राहिले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण रीतसर झाले. गाणी झाली, ओटी भरली गेली. मुलगी झाली, ती दिवस भरून आणि निरोगी झाली. दुसऱ्या खेपेचा विषय मात्र त्या घरात पुन्हा कोणी काढला नाही.

कोणत्याही परंपरेची परीक्षा ती सुखाचे कौतुक कसे करते यावर होत नाही. सुखाचे कौतुक सर्वांनाच येते. गर्भिणीच्या इच्छेला आपल्या पूर्वजांनी शास्त्राचे बळ दिले, हे थोरच होते. तेच बळ तिच्या यातनेला मिळायला हवे. तिची चिंच आणून द्यायला धावणाऱ्या माणसांनी, तिला चोवीस तास पाणी ठरले नाही किंवा लघवी झाली नाही तर त्याच पायांनी इस्पितळाकडे धावायला हवे. सुंठेची वाटी, मनगटावरचा बिंदू, मीठ-मोहरी, यांत माया असेल तर ती तिला मिळू द्यावी. पण मायेने तिची वाट अडवू नये. आणि “डोहाळे कडक आहेत” हे वाक्य यापुढे कोणी हलक्या आवाजात उच्चारले, तर ऐकणाऱ्याने कौतुकाने हसण्याआधी एकच प्रश्न विचारावा: तिच्या पोटात पाणी राहते का?